व्हायोलिन कॉन्चेर्टो बसवताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

कॉन्चेर्टो (एकटं वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना) हाती घेतला की बहुतेक जण पहिल्या बारपासून सुरुवात करतात. छापलेलं फिंगरिंग (कोणता स्वर कोणत्या बोटानं) जसंच्या तसं घेतात, हळू लयीत वाजवतात आणि दर आठवड्याला मेट्रोनोम थोडा पुढे सरकवतात. ठरलेल्या लयीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत हे चालतं, मग गाडी अडते ती अडतेच. मेहनत कमी पडलेली नसते. हळू लयीत सोयीचं वाटणारं फिंगरिंग आणि बो (गज) वेगात चालत नाहीत, आणि तोवर तेच हातात पक्के बसलेले असतात.

म्हणून या लेखातला क्रम एका नियमावर उभा आहे: निर्णय पूर्ण लयीत घ्यायचे, रियाज हळू लयीत करायचा. हळू वाजवतानाही हालचाल वेगातलीच हवी. उदाहरणासाठी मेंडेलसोनचा ई मायनर कॉन्चेर्टो (ओपस ६४) घेतला आहे. सूर, शिफ्ट (डावा हात तारेवर वर-खाली सरकवणं), ऑक्टेव्ह (एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर एकदम), डबल स्टॉप (दोन तारा एकदम), उडता बो असं जवळजवळ सगळं त्यात येतं आणि पुष्कळ विद्यार्थी मोठ्या रोमँटिक कॉन्चेर्टोंची सुरुवात त्यानेच करतात. दुसरा कॉन्चेर्टो बसवत असाल तरी टप्पे हेच राहतील.

## सुरुवात करण्याआधीची चाचणी

खालच्या गोष्टी कॉन्चेर्टोबाहेर, निव्वळ स्केलमध्ये जमायला हव्यात. ज्या जमत नाहीत त्यांच्यावर आधी महिनाभर द्या. कॉन्चेर्टोच्या आत शिकायला गेलात तर स्केलही कच्चं राहतं आणि तुकडाही.

- ई मायनर, ई मेजर, जी मेजर, सी मेजर आणि ए मायनर ही तीन सप्तकांची स्केल आणि अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक), एका बोमध्ये किमान १२ स्वर.
- थर्ड्स, सिक्स्थ्स (तिसऱ्या आणि सहाव्या स्वराच्या जोड्या) आणि ऑक्टेव्हची दोन सप्तकांची स्केल, हळू पण सुरात.
- एकाच स्वरावर, बोच्या मध्यावर, अर्धा मिनिट न अडखळता सोतिये (आपोआप उडणारा जलद बो).
- सहाव्या-सातव्या पोझिशनमध्ये (डावा हात ब्रिजकडे बराच वर सरकलेला असताना) ई तारेवर स्वर पकडताना मान आणि अंगठा मोकळे.

स्केलची निवड सहज केलेली नाही. मेंडेलसोनची पहिली मूव्हमेंट (रचनेचा स्वतंत्र भाग) ई मायनरमध्ये आहे, तिची दुसरी थीम जी मेजरमध्ये येते, दुसरी मूव्हमेंट सी मेजरमध्ये आहे, तिचा मधला भाग ए मायनरकडे जातो आणि शेवटची मूव्हमेंट ई मेजरमध्ये आहे. तुमच्या कॉन्चेर्टोचीही अशीच यादी काढा आणि रोजचा स्केलचा वेळ तिच्यावरच घाला.

## टप्पा १: पार्ट, स्कोअर आणि वाद्य तयार करा

सोलो पार्टबरोबर ऑर्केस्ट्राचा पूर्ण स्कोअर पहिल्या दिवसापासून जवळ हवा. पियानो रिडक्शन (ऑर्केस्ट्राचा भाग पियानोवर उतरवलेला) वाजवायला उपयोगी असलं, तरी तुमच्या लांब स्वराखाली बासरी चालली आहे की चेलो, हे त्यातून कळत नाही.

पार्ट शक्यतो मूळ संहितेवरून छापलेला घ्या. हेन्ले या प्रकाशकाच्या व्हायोलिनच्या बहुतेक आवृत्त्यांत दोन पार्ट मिळतात: एक कोरा आणि एक संपादकाच्या फिंगरिंग-बोइंगसह. काम कोऱ्या पार्टवर करा, दुसरा सल्ला म्हणून शेजारी ठेवा. जुन्या संपादित आवृत्त्यांत संपादकाच्या स्लर (एका बोमध्ये जोडायच्या स्वरांच्या खुणा) आणि संगीतकाराच्या स्लर एकमेकींत मिसळलेल्या असतात. कोणती कोणाची हे ठाऊक नसेल, तर बदलायची कोणती आणि जपायची कोणती हे ठरवता येत नाही.

वाद्याच्या बाबतीत तीन गोष्टी पाहा. ब्रिजची टेलपीसकडची (तारा खाली अडकवलेल्या टोकाकडची) बाजू वाद्याच्या वरच्या पाटाशी काटकोनात आहे का? वारंवार ट्यूनिंग केल्यानं ब्रिजचा माथा पट्टीच्या (बोटं ठेवायच्या फळीच्या) दिशेनं झुकतो आणि सगळ्या स्वरांच्या जागा सरकतात. मोकळ्या तारेवर पाचवं अंतर शुद्ध असूनही दोन शेजारच्या तारांवर एकच बोट आडवं ठेवल्यावर ते बेसूर लागतं का? लागत असेल तर तार झिजली आहे, बोटाला दोष देऊ नका. बोचे केस शेवटच्या पाच-सहा इंचांत गुळगुळीत झाले आहेत का? तसं असेल तर टोकाकडे तार पकडली जाणार नाही आणि तुम्ही उगाच हात दाबत राहाल.

## टप्पा २: नकाशा काढा

वाद्य पेटीत राहू द्या. स्कोअर समोर ठेवून एखादं ध्वनिमुद्रण दोनदा ऐका आणि पार्टवर तीन रंगांत खुणा करा: डाव्या हाताच्या अडचणी, उजव्या हाताच्या अडचणी, आणि दोन्ही हात एकमेकांपासून सुटण्याच्या जागा. तिसरा रंग फार कमी लोक वापरतात. वेगवान पॅसेज अस्पष्ट येतो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दोन्ही हात आपापल्या जागी ठीक असतात, पण एकाच क्षणी पोचत नाहीत. त्या जागेवर नुसता डाव्या हाताचा रियाज कितीही केला तरी फरक पडत नाही.

मेंडेलसोनच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये या खुणा कुठे पडतात ते पाहा: थीमनंतरचे ट्रिप्लेट (तीन-तीन स्वरांचे गट), तुत्तीआधी (सगळा ऑर्केस्ट्रा येण्याआधी) वर चढणारे ऑक्टेव्ह, आणि कॅडेन्झाच्या (सोलोनं एकट्यानं वाजवायच्या भागाच्या) शेवटी चार तारांवरून उडणारे अर्पेजिओ. एकूण बारच्या संख्येत हा भाग छोटाच आहे, पण रोजच्या वेळातला अर्ध्याहून जास्त वेळ त्याचा.

तपासणी: सगळ्या खुणा झाल्यावर प्रत्येक अवघड जागेला क्रमांक द्या. रोजचा रियाज या क्रमांकांनुसार लावायचा. पहिल्या बारपासून सुरू करण्याची सवय इथेच मोडते.

## टप्पा ३: फिंगरिंग आणि बोइंग पूर्ण लयीत ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला घाई नको. एका मूव्हमेंटसाठी दहा दिवस गेले तरी चालतील.

१. आधी लय नक्की करा. मेंडेलसोनची पहिली मूव्हमेंट मेट्रोनोमवर मिनिमला (हाफ नोटला) १०० ते ११२ या पट्ट्यात चांगली चालते. तुमचा आकडा निवडा, उदाहरणार्थ १०४, आणि पार्टवर लिहा.

२. अवघड जागेतले फक्त ८ ते १२ स्वर घ्या आणि त्याच लयीत वाजवा. घाण वाजलं तरी हरकत नाही. इथे हालचालीला जागा पुरते का एवढंच पाहायचं आहे.

३. किमान तीन वेगळी फिंगरिंग करून बघा. पहिली आणि तिसरी पोझिशन सवयीची, म्हणून तीच सुचते. दुसरी आणि चौथी वापरली तर पुष्कळदा एक अख्खा शिफ्ट वाचतो.

४. निवडताना हा अग्रक्रम धरा: शिफ्ट कमीत कमी, जो करावाच लागतो तो अर्ध्या स्वरावर (सेमीटोनवर) किंवा बीटवर, स्लरच्या मध्ये मोठी उडी शक्यतो नाही, तार बदलणं आणि शिफ्ट एकाच क्षणी आले तर दुसरा पर्याय शोधा. मात्र तार बदलण्याचा आणि बो बदलण्याचा क्षण एक झाला तर उजव्या हाताला सोपं जातं.

५. बोइंगचा निर्णय त्याच वेळी घ्या. फिंगरिंग आज आणि बोइंग पुढच्या आठवड्यात असं केलं की दोन्ही पुन्हा बदलावी लागतात.

६. निवडलेलं फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी, वाद्य हातात घेण्याआधी ऐका. त्या क्षणी बरं वाटलेलं फिंगरिंग दुसऱ्या दिवशी ऐकताना अनेकदा टिकत नाही.

गाणाऱ्या जागांना मात्र निकष वेगळा लावायचा. तिथे सोय दुय्यम, तारेचा रंग आधी. दुसऱ्या मूव्हमेंटच्या थीममध्ये वाक्याच्या मध्यावर केवळ सोपं जातं म्हणून तार बदलली, तर एकाच आवाजात दुसराच माणूस बोलल्यासारखं ऐकू येतं. मोकळी ई तारही अशा ठिकाणी टाळा. ती टोचते, तिच्यावर व्हायब्रेटो (बोटाचा कंप) येत नाही, आणि ए तारेवरून एका बोमध्ये तिच्यावर जाताना ती कधी कधी शिट्टीही घालते. शिट्टी पुन्हापुन्हा येत असेल तर तिथे चौथं बोट घ्या किंवा वेष्टन असलेली ई तार लावून बघा.

सावधान: नामवंत वादकाचं फिंगरिंग त्याच्या हाताच्या मापाचं असतं. चौथं बोट आखूड असेल तर एक्स्टेन्शन (हात न हलवता बोट ताणणं) असलेलं फिंगरिंग घेऊ नका, सरळ शिफ्ट करा.

तपासणी: जागा पूर्ण लयीत पाच वेळा वाजवा. प्रत्येक वेळी चूक वेगळ्या स्वरावर झाली तर फिंगरिंग ठीक आहे, रियाज कमी आहे. पाचही वेळा एकाच स्वरावर अडत असाल तर फिंगरिंगच बदला.

## टप्पा ४: सुराचा पाया

आता लय निम्म्यावर आणा, मिनिमला ५२ किंवा त्याहून हळू. व्हायब्रेटो पूर्ण बंद. व्हायब्रेटोखाली बेसूर स्वर झाकला जातो आणि तो आपल्याच कानाला कळत नाही.

पहिल्या फेरीत फक्त जी, डी, ए आणि ई हे स्वर तपासा, कोणत्याही सप्तकात. ते बरोबर लागले की मोकळ्या तारा आपोआप कंप पावतात आणि वाद्य भरून वाजतं. पॅसेजमधले हे खांब रोवले की मधले स्वर त्यांच्या आधारानं लावायचे. ट्यूनरच्या काट्याकडे पाहून प्रत्येक स्वर लावत बसू नका. कान मागे पडतो, शिवाय काटा जे मोजतो ते नेहमी हवंच असतं असं नाही.

एक साधा प्रयोग करा. डी तारेवर पहिल्या बोटानं ई स्वर मोकळ्या ए तारेबरोबर वाजवून चौथं अंतर शुद्ध लावा. बोट न हलवता तोच ई मोकळ्या जी तारेबरोबर वाजवा. मेजर सिक्स्थ चढी लागेल. ती शुद्ध करायला बोट खाली घ्यावं लागेल, सुमारे २२ सेंट, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त. बोटाची जागा एक नाही, सोबतीच्या स्वरावर ती ठरते. म्हणून डबल स्टॉपमध्ये सूर खालच्या-वरच्या स्वराकडे बघून लावा, आणि एकट्या सुरावटीत लीडिंग नोट (स्केलचा सातवा स्वर) आपल्या पुढच्या स्वराच्या किंचित जवळ ठेवा. ऑर्केस्ट्राबरोबर एखादा स्वर लांबवायचा असेल तर त्या वेळी खाली कोणता कॉर्ड आहे हे स्कोअरमध्ये पाहून पार्टवर लिहून ठेवा.

वरच्या पोझिशनमध्ये अंतरं किती आकसतात याचा अंदाज बोटांना द्यावा लागतो. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर तारेची वाजती लांबी सुमारे ३२८ मिलिमीटर असते. मोकळ्या तारेपासूनचा पहिला अर्धा स्वर सुमारे १८ मिलिमीटरवर येतो, आणि एक सप्तक वर गेल्यावर तोच अर्धा स्वर सुमारे ९ मिलिमीटरमध्ये मावतो. वरच्या जागी दोन बोटं शेजारी मावत नसतील तर आधीचं बोट उचलून त्याच्या जागी पुढचं ठेवावं लागतं. पॅसेज वर जाताना बहुतेकांचे स्वर चढे होतात, कारण हाताची चौकट खालच्याच मापाची राहते.

तपासणी: पॅसेज एक सप्तक खाली वाजवा, मग लगेच मूळ जागी. सुरावट कानाला वेगळी लागली तर वरची चौकट चुकली आहे.

## टप्पा ५: शिफ्ट

शिफ्ट चुकतो तो पोचण्याच्या क्षणी, असं वाटतं. प्रत्यक्षात तो निघण्याच्या क्षणी चुकतो. जुनं बोट तारेवर दाबलेलंच राहतं, अंगठा मागे अडकतो आणि हात झटक्यानं उडी मारतो.

क्रम असा ठेवा. जुन्या बोटाचा दाब हार्मोनिकइतका (बोट तारेला नुसतं टेकेल इतका) हलका करा. अंगठा आणि हात एकत्र हलवा. चौथ्या पोझिशनच्या वर जाताना कोपर आधीच आत यायला हवं. त्याच हलक्या बोटानं नव्या पोझिशनमधल्या त्याच्या स्वरापर्यंत जा, तो मधला स्वर मुद्दाम ऐका आणि मग नवं बोट टाका. मधला स्वर सुरात आला की पुढचा येतोच. तो पक्का झाला की त्याचा आवाज काढून टाका: बो त्या क्षणी हलका आणि किंचित हळू. मींड हवी तिथे ती निर्णय घेऊन घ्या, प्रत्येक शिफ्टवर नकळत येऊ देऊ नका.

सावधान: शिफ्टला वेळ हवा म्हणून नंतरचा स्वर उशिरा येऊ देऊ नका. वेळ आधीच्या स्वरातून काढायचा असतो.

## टप्पा ६: ऑक्टेव्ह आणि डबल स्टॉप

ऑक्टेव्हमध्ये पहिलं आणि चौथं बोट यांच्यातलं अंतर पोझिशनप्रमाणे बदलत जातं. जी-डी तारांवर पहिल्या पोझिशनमध्ये ते सुमारे ७३ मिलिमीटर असतं, पाचव्या पोझिशनमध्ये सुमारे ४९. मेंडेलसोनचे तुत्तीआधीचे ऑक्टेव्ह वर चढताना फाटतात ते यामुळे. शिफ्टच्या प्रवासातच चौकट आवळत न्यावी लागते, पोचल्यावर दुरुस्त करायला वेळ नसतो.

रियाजाचा क्रम: दोन्ही बोटं ठेवा, बो फक्त खालच्या तारेवर. पूर्ण पॅसेज सुरात आला की पुन्हा दोन्ही बोटं ठेवून बो फक्त वरच्या तारेवर. शेवटी दोन्ही, आणि बोचं वजन खालच्या तारेकडे जास्त. खालचा स्वर भक्कम असेल तर वरचा त्यात विरघळतो. उलट केलं की वरच्या स्वराची प्रत्येक चूक उघडी पडते. बेथोवनच्या कॉन्चेर्टोत सोलोचा पहिला प्रवेशच ऑक्टेव्हनं होतो. तिथेही हाच क्रम वापरा.

थर्ड्ससाठी ऐकण्याची जागा वेगळी आहे. मेजर थर्ड शुद्ध लागली की दोन सप्तकं खाली एक तिसरा, बारीक घुमणारा स्वर ऐकू येतो. तो खालच्या स्वराचाच मंद्र जुळा असतो. तो डळमळला की थर्ड बेसूर. ब्रुखच्या जी मायनर कॉन्चेर्टोची शेवटची मूव्हमेंट किंवा सिबेलियसच्या शेवटच्या मूव्हमेंटमधले थर्ड्स बसवणाऱ्यांनी आधी दोन आठवडे फक्त हा तिसरा स्वर शोधावा.

मेंडेलसोनच्या दुसऱ्या मूव्हमेंटचा मधला भाग वेगळ्या कारणानं अवघड आहे. एकाच व्हायोलिनवर वर सुरावट आणि खाली थरथरती साथ चालते. दोन्ही सारख्या आवाजात आल्या की सुरावट बुडते. वरचा आवाज एकटा वाजवा, पण बोटं दोन्हींची ठेवून. मग साथ एकटी, जितकी हलकी शक्य तितकी. जोडताना हात वरच्या तारेच्या पातळीवर ठेवा आणि खालच्या तारेला केस जेमतेम टेकू द्या.

सावधान: ऑक्टेव्ह, थर्ड्स, टेन्थ्स यांचा सलग रियाज १०-१५ मिनिटांच्या पुढे नेऊ नका. चौथ्या बोटाच्या बुडाशी किंवा मनगटाच्या आत दुखलं की त्या दिवशी ते काम बंद. एकंदर रियाजातही दर ४५-५० मिनिटांनी दहा मिनिटं वाद्य खाली ठेवा.

## टप्पा ७: बो

### सोतिये

शेवटच्या मूव्हमेंटचे हलके सोळांश इथेच ठरतात. सर्रास होणारी चूक म्हणजे हळू लयीत प्रत्येक स्वरासाठी बो उचलून टाकण्याचा रियाज. ते स्पिकाटो झालं. त्यात हात बो उचलतो. सोतियेमध्ये बो उचलायचा नसतो. पुरेशा वेगानं लहान डेताशे (दर स्वराला बोची दिशा बदलत, न उचलता) केला की काठीच्या स्प्रिंगनं तो आपोआप उडतो. एकाचा वेग वाढवून दुसरं येत नाही.

१. बोच्या मध्याजवळ, मोकळ्या तारेवर, बोटाच्या पेराइतका डेताशे घ्या. केस तारेवर जवळजवळ सपाट.
२. वेग वाढवत जा. पकड पहिलं बोट आणि अंगठा यांच्यात, करंगळी अगदी हलकी. हालचाल मनगटातून, थोडी तिरकी.
३. काठी उडायला लागली की जागा शोधा. प्रत्येक बोची जागा वेगळी असते, एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे सरकवून बघा. सापडली की लक्षात ठेवा. मोठा आवाज हवा असेल तर किंचित खाली, हलका हवा असेल तर वर.
४. मग डावा हात जोडा: पॅसेजमधला प्रत्येक स्वर आधी चार वेळा, मग दोन वेळा, मग एकदा. उजव्या हाताचा वेग तिन्ही वेळा तोच. लय निम्मी असली तरी बोची हालचाल खऱ्या वेगातली राहते ती अशी.

खरखर आली तर उजव्या हाताला दोष देण्याआधी डाव्या हाताकडे पाहा. बोट बोच्या आधी, कणभर का होईना, पोचायला हवं. तार बदलण्याच्या जागी ते उशिरा पोचतं आणि दोन स्वर एकमेकांत घुसतात. त्याच तारा नुसत्या, बोटांशिवाय वाजवा. पॅसेजचा मोकळ्या तारांचा सांगाडा स्वच्छ आला तर अडचण डाव्या हाताची, नाही आला तर कोपराच्या पातळीची.

### रिकोशे

मेंडेलसोननं कॅडेन्झा पूर्ण लिहून दिलेला आहे. त्याच्या शेवटी चार तारांवरचे अर्पेजिओ उडत्या बोवर जातात आणि त्यांच्यावरच ऑर्केस्ट्रा थीम घेऊन परततो. पायऱ्या अशा:

पहिल्यांदा डाव्या हातात प्रत्येक गटाची चारही बोटं कॉर्डसारखी एकदम टाका आणि कॉर्डवरून कॉर्डवर जा, बो न लावता. दुसऱ्यांदा तोच क्रम लेगातोमध्ये (स्वर जोडून): जी तारेपासून ई तारेपर्यंत आणि परत, कोपराचा मार्ग गोल. कोपर प्रत्येक तारेवर थांबलं तर उडी समान पडणार नाही. तिसऱ्यांदा मोकळ्या तारांवर, मध्याच्या किंचित वर, डाउन-बोला एकदाच बो टाका आणि चारही उड्या त्याला त्याच्या मर्जीनं घेऊ द्या. परतीच्या अप-बोमध्ये तो खाली बसू पाहतो. तिथे वजन आणखी काढा. सगळ्यात शेवटी कॉर्ड आणि उडी एकत्र.

सावधान: प्रत्येक स्वरासाठी हातानं ढकलू नका. उडीचा वेग दोन गोष्टी ठरवतात: बो किती उंचीवरून टाकला आणि मध्यापासून किती वर. लयीशी जुळवायचं ते याच दोन गोष्टी बदलून.

## टप्पा ८: लय वाढवणं

मेट्रोनोम एकेक घर पुढे नेण्याचा उपाय मर्यादित आहे. त्यात ताणही एकेक घर वाढतो आणि तो कधी वाढला हे कळत नाही. त्यापेक्षा स्फोट करा. पूर्ण लयीत फक्त चार स्वर आणि पुढच्या गटाच्या पहिल्या स्वरावर थांबा. खांदे सैल करा, पुढचे चार स्वर आधी मनात ऐका आणि मगच वाजवा. मग आठ, मग सोळा. थांबण्याचा स्वर नेहमी पुढच्या गटाचा असावा, कारण सांधा तिथेच असतो.

ट्रिप्लेटमध्ये अडत असेल तर लांब-आखूड-आखूड, आखूड-लांब-आखूड आणि आखूड-आखूड-लांब अशा तिन्ही ठेक्यांत वाजवा. शेवटी ठरलेल्या लयीपेक्षा चार-पाच टक्के वर, म्हणजे १०४ असेल तर १०८-१०९. मंचावर लय थोडी सरकतेच, त्याची सोय हवी.

तपासणी: पूर्ण लयीत वाजवताना डाव्या हाताचा अंगठा व्हायोलिनच्या मानेवर टॅप करता येतो का? येत नसेल तर दहा टक्के मागे या.

## टप्पा ९: ऑर्केस्ट्रावरून ऐकू जाणारा आवाज

खोलीत गोड वाटणारा आवाज सभागृहात तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. उपाय दाबण्यात नाही, बो ब्रिजच्या जवळ नेण्यात आहे. पोझिशन जितकी वरची तितकी तारेची वाजती लांबी कमी, आणि तितकी बोची जागा ब्रिजकडे सरकायला हवी. पुष्कळांचा डावा हात वर जातो आणि बो पट्टीजवळच राहतो, म्हणून वरचे स्वर पातळ होतात. सोलो पार्टमधला 'पियानो' (मृदू आवाजाची खूण) हा ऑर्केस्ट्राच्या वर तरंगणारा पियानो असतो. फोन खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवून ऐका, स्टँडवर ठेवून नाही.

## टप्पा १०: पाठांतर आणि सलग वादन

बोटांची सवय म्हणजे पाठांतर नव्हे. ती मंचावर सगळ्यात आधी दगा देते. आधी फाटे शोधा, म्हणजे जिथे तीच सुरावट दुसऱ्यांदा येते आणि वेगळीकडे जाते. मेंडेलसोनच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये दुसरी थीम आधी जी मेजरमध्ये आणि पुनरागमनात ई मेजरमध्ये येते. दोन्ही फाट्यांचे आधीचे दोन-दोन बार शेजारी ठेवून, न पाहता, आलटून पालटून वाजवा. स्कोअरमधल्या प्रत्येक रिहर्सल अक्षरापासून उलट्या क्रमानं सुरुवात करता यायला हवी.

सलग वादन आठवड्यातून दोनदा पुरे, आणि तेही न थांबता. चुकलं तर पुढे जा, नंतर खूण करा. मेंडेलसोनच्या तिन्ही मूव्हमेंट एकमेकींना जोडलेल्या आहेत. पहिलीच्या शेवटी बसूनचा एक स्वर धरून दुसरी सुरू होते. निवांतपणे ट्यून करायला जागा नाही. म्हणून पहिली मूव्हमेंट संपल्यावर हात गरम, श्वास चढलेला असतानाच सी मेजरची लांब सुरावट घेण्याचा वेगळा रियाज हवा. पहिल्या मूव्हमेंटनंतर तुमच्या कोणत्या तारा उतरतात ते एकदा तपासून ठेवा.

## टप्पा ११: पियानो, मग ऑर्केस्ट्रा

पियानोबरोबर किमान तीन बैठका. पहिलीत लय आणि प्रवेश, दुसरीत सलग, तिसरीत फक्त सांधे. एकट्यानं रियाज करताना लांब स्वर आणि विराम नकळत कापले जातात, ते इथे पकडले जातात.

मेंडेलसोनमध्ये तीन जागा आधी बोलून घ्या. पहिली, सुरुवात: ऑर्केस्ट्राचे दीड बार होतात न होतात तोच सोलो येतो, म्हणून कंडक्टरचा हात वर जाण्याआधी बोट आणि बो जागेवर हवेत. दुसरी, दुसऱ्या थीमची सुरुवात: थीम लाकडी सुषिर वाद्यांकडे असते आणि तुमच्याकडे मोकळ्या जी तारेवरचा लांब स्वर. ही जागा सोपी समजून कोणी तयारच करत नाही. पण ती तार जराही उतरलेली असेल तर सगळी वाद्यं तुमच्यावर बेसूर लागतात, आणि बो बदलताना धक्का बसला तर थीम तुटते. तिसरी, कॅडेन्झाचा शेवट: ऑर्केस्ट्रा परतल्यावर तुम्ही साथीला असता. प्रत्येक गटाचा पहिला, खालचा स्वर स्पष्ट द्या, कंडक्टर त्यावरच लय पकडतो. तिथे रुबाटो (लय मनाप्रमाणे सैल करणं) नाही.

ऑर्केस्ट्राची पिच आधी विचारून घ्या. ४४० की ४४२ हे माहीत असेल तर शेवटचे दोन आठवडे त्याच पिचवर रियाज करता येतो.

## शेवटचा आठवडा

नव्या तारा किमान सात दिवस आधी लावा, त्यातही ई तार सगळ्यात शेवटी लावली तरी चालते, ती लवकर स्थिरावते. बोचे केस बदलायचे असतील तर दोन आठवडे आधी. फिंगरिंग या आठवड्यात बदलू नका, कितीही चांगलं सुचलं तरी. रोज एकदा अवघड जागा निम्म्या लयीत, व्हायब्रेटोशिवाय, आणि एकदाच पूर्ण लयीत वाजवा. रंगीत तालमीचं ध्वनिमुद्रण ऐकून जास्तीत जास्त तीन जागा निवडा आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्याच दुरुस्त करा. कार्यक्रमाच्या दिवशी स्केल, मोकळ्या तारांवर लांब बो, प्रत्येक मूव्हमेंटचे सुरुवातीचे आठ बार, आणि सोतियेची आपली जागा एकदा शोधून ठेवणं, इतकंच. कॅडेन्झा त्या दिवशी मंचावरच वाजवा.